तुळिंजच्या गच्चीवरून मोजलेली पृथ्वी

विरारजवळच्या तुळिंजमधल्या एका मराठी शाळेत मी मराठी शिकवतो. स्टाफरूममध्ये माझी खुर्ची खिडकीपाशी आणि तिच्या शेजारची खुर्ची सुरुची टीचरची. अकरा वर्षं आम्ही असे शेजारी बसतो आहोत, त्यामुळे या गोष्टीतलं जवळजवळ सगळं मी डोळ्यांनी पाहिलं आहे. जे पाहिलं नाही ते तिनेच मला सांगितलं, आणि लिहायची परवानगीही दिली. "फक्त मला फार शहाणी करू नका, सुधाकर सर," एवढंच म्हणाली.

सुरुची विरारची. वडील मुंबईत नोकरीला, मूळ गाव देवगडकडचं. गणित तिला लहानपणापासून आवडायचं आणि दुसऱ्याला समजावून सांगायला त्याहून जास्त आवडायचं. बी.एड. झाली आणि आमच्याकडे नववी-दहावीला गणित-विज्ञान शिकवायला लागली. पहिल्या वर्षी एकदा ती आगाशीच्या बाजारातून केळफूल, अळूचे देठ आणि शेवग्याची शेंग घेऊन वर्गात गेली. तास संपला तरी पोरं बाहेर पडेनात, आणि पुढच्या तासाला मी दारात ताटकळत उभा! तिचा आवाज दोन वर्ग पलीकडे ऐकू यायचा. आम्ही तिला चिडवायचो, "टीचर, तुम्ही आठवीलाही फुकटात शिकवता."

तो आवाज कधी बारीक झाला ते आमच्यापैकी कोणाच्याच लक्षात आलं नाही.

एका वर्गात चौऱ्याहत्तर मुलं. त्यांची माहिती एकदा या पोर्टलवर भरा, मग त्या पोर्टलवर भरा, मग पहिली चुकली म्हणून पुन्हा भरा. उन्हाळ्यात मतदार यादीचं काम. मोबाइलवर शाळेचे सात ग्रुप आणि प्रत्येकावर "तातडीचे". पालकांचे फोन वेगळे. फावला तास मिळाला की बदली तासाची चिठ्ठी हजर. हे आम्हा सगळ्यांनाच होतं. पण सुरुची मनाला लावून घेणारी. रविवारी दुपारी जेवण झालं की तिच्या छातीत धडधडायला लागायचं. नवरा, संकेत, तिला घेऊन डॉक्टरांकडे गेला. कार्डिओग्राम स्वच्छ. "हृदय ठणठणीत आहे," डॉक्टर म्हणाले. ते ऐकून तिला बरं वाटण्याऐवजी भीतीच वाटली. मग हे धडधडतंय ते काय?

नोव्हेंबरात एकदा ती फळ्यावर समीकरण सोडवता सोडवता थांबली. पुढची पायरी आठवेना. हजार वेळा शिकवलेलं समीकरण! तिने खडू ठेवला, वर्गाबाहेर पडली आणि प्रयोगशाळेत जाऊन बसली. प्रयोगशाळा म्हणजे गंजलेली दोन कपाटं आणि मोडकी बाकं. मी शोधत गेलो तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून बसली होती. "काही नाही सर, चक्कर आली," म्हणाली. मीही ते खरं मानलं. मानायला सोपं होतं.

डिसेंबरात एक तरुण संशोधक बाई आमच्या शाळेत आल्या. माध्यमिक शिक्षकांच्या मानसिक स्वास्थ्यावर त्यांचा अभ्यास चालला होता. त्यांनी प्रत्येकाला एक प्रश्नावली दिली.

"आणखी एक फॉर्म!" आमचे पी.टी.चे इग्नेशियस सर म्हणाले आणि सगळे हसलो.

इग्नेशियस सर वसईजवळच्या नंदाखालचे, छप्पन्न वर्षांचे, गळ्यात कायम शिट्टी. त्यांची एक हाक मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पोचते. सगळे भराभर खुणा करत होते. सुरुचीचं पेन मात्र एका ओळीवर थांबलं. 'सकाळी शाळेत येताना मला उत्साह वाटतो.' पुढे पाच चौकटी. तिने शेवटच्या चौकटीत खूण केली. 'कधीच नाही.' आणि आपल्याच हाताकडे बघत राहिली.

"मला वाटलं, ही खूण दुसऱ्याच कोणीतरी केली," ती नंतर मला म्हणाली.

तिने कागद झाकायच्या आधीच शेजारून इग्नेशियस सरांनी तो पाहिला. मग आपला कागद तिच्यापुढे सरकवला. तीच ओळ. खूण 'क्वचित'वर.

"मी तीन वर्षांमागे तुझ्या चौकटीत होतो," ते हळू आवाजात म्हणाले. "बायको गेली त्या साली. शिट्टी वाजवायचो, पण आत काही वाजत नव्हतं. आमच्या फादरनीच मला वसईच्या डॉक्टरीणबाईंकडे धाडलं. मनाच्या डॉक्टर. सहा महिने गोळ्या घेतल्या मी. कोणाला सांगितलं नाही."

"तुम्ही? गोळ्या?"

"मी. आता एक चौकट वर आलोय बघ. नंबर देऊ?"

स्टाफरूममध्ये आम्ही सहा-सात जण होतो, सगळ्यांनी ऐकलं होतं. मग आमच्या इतिहासाच्या बाई म्हणाल्या की त्यांनाही रविवारी झोप लागत नाही. मीही कबूल केलं की वर्गात जायच्या आधी मी जिन्यात दोन मिनिटं उगाच उभा राहतो. त्या दिवशी मधल्या सुट्टीतले डबे अर्धे तसेच राहिले. इतकी वर्षं एका खोलीत बसून आम्ही फक्त सुट्ट्या आणि परिपत्रकांबद्दल बोलत होतो!

सुरुचीने नंबर घेतला. पुढच्या शनिवारी संकेतबरोबर जाऊनही आली. गोष्ट इथेच संपली असती तरी चाललं असतं. पण खरी मजा तर पुढे आहे.

त्याच आठवड्यात नववीच्या वर्गात उन्नती नावाच्या मुलीने हात वर केला. उन्नती तुळिंजच्याच चाळीत राहणारी, प्रश्न विचारण्यात पटाईत. म्हणाली, "टीचर, पृथ्वीचा घेर चाळीस हजार किलोमीटर लिहिलाय. पण कोणी टेप लावून मोजला का? समुद्रात टेप कसा धरला?"

वर्ग खो-खो हसला. सुरुचीच्या तोंडून निघून गेलं, "परीक्षेला येत नाही ते. पुढे चला."

उन्नतीने हात खाली घेतला. तो हात खाली जाताना सुरुचीने पाहिला, आणि तिला घरी गेल्यावर जेवण गोड लागेना. दुसऱ्या दिवशी ती वर्गात आली ती थेट उन्नतीच्या बाकापाशी.

"काल मी चुकीचं उत्तर दिलं. टेपशिवाय पृथ्वी मोजता येते. एक काठी आणि तिची सावली पुरते. आणि ती आपण मोजणार आहोत."

"आपण?" चौऱ्याहत्तर तोंडांतून एकच शब्द.

"आपण. इथून."

युक्ती मुळात दोन हजार वर्षांहून जुनी आहे. एकाच उंचीच्या दोन काठ्या घ्यायच्या, एक उत्तरेच्या गावात उभी करायची, एक दक्षिणेच्या. पृथ्वी सपाट असती तर दोन्हींच्या सावल्या सारख्याच पडल्या असत्या. ती गोल आहे म्हणून पडत नाहीत. दोन्ही ठिकाणी सूर्याच्या किरणांचा काठीशी होणारा कोन काढला की त्या दोन कोनांतला फरक म्हणजे दोन गावांमधलं पृथ्वीचं वळण. एवढ्या अंतराला एवढं वळण, तर पूर्ण तीनशे साठ अंशांच्या फेरीला किती?

दक्षिणेच्या गावासाठी सुरुचीने बी.एड.ची मैत्रीण लिडिया हिला फोन लावला. ती वेंगुर्ल्याला शाळेत शिकवते. "मला वाटलं तू वर्षभर माझ्यावर रागावलीयस," लिडिया म्हणाली, "आणि तू काठीसाठी फोन करतेयस!" दोघी तासभर बोलल्या. मुलांनी भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून उत्तर-दक्षिण अंतर काढलं. जवळजवळ चारशे किलोमीटर.

दिवस ठरला फेब्रुवारीतला पहिला मंगळवार. आणि पहिला धक्का वेळेचा! सूर्य डोक्यावर यायला, म्हणजे सावली सगळ्यांत आखूड व्हायला, आपल्याकडे त्या दिवशी बारा वाजत नाहीत, बारा वाजून त्रेपन्न मिनिटं होतात. पोरांचा विश्वास बसेना. रोज मधल्या सुट्टीत मैदानात काठी रोवून खात्री करायला निघाली, तर दुसरा धक्का. आमच्या मैदानाच्या दक्षिणेला पाच मजली इमारत आहे. दुपारी नेमकी तिचीच सावली मैदानभर पसरते. तुळिंजमध्ये जमिनीवर मोकळं ऊन मिळायचं कुठे?

"गच्ची," इग्नेशियस सर म्हणाले.

गच्चीला चार वर्षं कुलूप होतं. किल्ली मुख्याध्यापिका आशालता मॅडमकडे. मॅडम जूनमध्येच त्या खुर्चीवर आलेल्या, शिस्तीच्या कडक. सुरुची त्यांच्या केबिनमध्ये गेली.

"चौऱ्याहत्तर मुलं गच्चीवर? शक्य नाही," मॅडम म्हणाल्या. मग स्वतःच, "किती मुलांत भागेल?"

"आठ. इग्नेशियस सर कठड्याशी उभे राहतील. मी काठीशी."

"आणि बाकीची सहासष्ट काय करणार?"

याचं उत्तर वर्गात उन्नतीने दिलं. म्हणाली, "टीचर, जिना आहे ना! गच्चीपासून आपल्या वर्गाच्या दारापर्यंत एकेक पायरीवर एकेक जण. वरचा आकडा एकमेकांना सांगत खाली फळ्यावर!"

रंगीत तालीम झाली शुक्रवारी. वरून निघाला 'त्र्याहत्तर', आणि खाली फळ्यावर पोचला 'तेहतीस'. मधे कोणीतरी 'तिहत्तर' म्हणालं होतं, त्याच्या पुढच्याने 'तेहतीस' ऐकलं होतं. मग मी मराठीचा मास्तर म्हणून ठराव मांडला, संख्या म्हणायचीच नाही, आकडे सुटे म्हणायचे. सात-तीन-शून्य. सर्वानुमते मंजूर! आमच्या भाषेच्या इतिहासात मी पत्करलेली ही एकमेव माघार.

मंगळवार उजाडला. आभाळात एक ढग नाही. इग्नेशियस सरांनी घरून बांबू आणला होता, तासून बरोब्बर एक मीटरचा. तो सरळ उभा आहे की नाही ते बघायला गवंड्याचा ओळंबा. सुरुचीने त्या दिवशी पिवळी साडी नेसली होती आणि सकाळपासून ती बोलत होती, बोलत होती. मला एकदम केळफुलाचा तो तास आठवला.

बारा वाजून पाच मिनिटांनी सगळ्यांचे मोबाइल एकदम वाजले. वरच्या कार्यालयातून निरोप. सर्व वर्गशिक्षकांनी विद्यार्थ्यांची माहिती दुरुस्त करून दोन वाजेपर्यंत पाठवावी. विलंब झाल्यास खुलासा द्यावा लागेल.

सुरुची खुर्चीत बसली. तिचा चेहरा पाहिला आणि मी घाबरलो. नोव्हेंबरातला प्रयोगशाळेतला चेहरा, तोच.

"होणार नाही," ती म्हणाली. "सर, मुलांना सांगा, आज होणार नाही. मी कसं..."

"यादी कुठे आहे?" मी विचारलं.

"काय?"

"तुमच्या वर्गाची यादी. इकडे द्या. मला पोर्टल भरता येतं, फक्त आवडत नाही."

इतिहासाच्या बाईंनी खुर्ची ओढली. "अर्धी मला द्या. माझी यादी छोटी आहे."

एवढ्यात दारात आशालता मॅडम. हातात गच्चीची किल्ली. आम्हा तिघांकडे पाहिलं, यादीकडे पाहिलं.

"मी कार्यालयाला फोन केलाय," त्या म्हणाल्या. "नववीची माहिती उद्या सकाळी अकराला मिळेल. खुलासा लागला तर तो मी देईन, माझ्या सहीने. सुरुची टीचर, तुम्ही अजून खाली काय करताय? सूर्य थांबणार आहे का?"

सुरुची उठली आणि धावली. साडीचा पदर खोचत, दोन दोन पायऱ्या चढत, मुलांच्या रांगेतून! पोरांनी आपोआप टाळ्या सुरू केल्या, त्या टाळ्या पायरी-पायरीने वर चढत गेल्या.

मीही यादी बाजूला ठेवून जिन्यात गेलो. कोण थांबणार!

साडेबाराला पहिला आकडा आला. "सात-तीन-आठ!" पायऱ्यांवरून घरंगळत खाली. त्र्याहत्तर सेंटिमीटर आठ मिलिमीटर. फळ्यावर खडू वाजला. बारा चाळीस. "सात-तीन-शून्य!" बारा शेहेचाळीस. "सात-दोन-सात!" सावली आखडत होती. शाळेतले बाकीचे वर्ग दारांत येऊन उभे राहिले. आठवीचं एक पोर ओरडलं, "कमी होतेय काय रे?" आणि जिन्यातून उत्तर गेलं, "हो रे, चूप!"

बारा पन्नास. "सात-दोन-सहा!"

बारा त्रेपन्न. "सात-दोन-सहा!"

बारा छप्पन्न. पुन्हा "सात-दोन-सहा!" आता सावली उलटी फिरायला, वाढायला हवी. फिरली नाही तर? वर सुरुची गुडघ्यांवर बसून शिवणकामाच्या टेपला नाक लावून होती. उन्नती टोकावर पेन्सिलीची खूण करत होती.

एक वाजला.

"सात-दोन-सात! वाढली! टीचर, वाढली!" उन्नतीची किंकाळी थेट खाली आली, मधल्या साठ जणांची काही गरजच उरली नाही. सगळा जिना ओरडत होता. इग्नेशियस सरांनी गच्चीवरून अशी शिट्टी फुंकली की समोरच्या इमारतीतल्या बायका खिडक्यांत आल्या.

सगळे खाली वर्गात पोचतात तोच लिडियाचा फोन. मॅडमनी तो वर्गात टेबलावर ठेवून आवाज मोठा केला. मागे वेंगुर्ल्याच्या पोरांचा कालवा. "आमची त्रेसष्ट दशांश दोन!" लिडिया ओरडली. "तुमची?"

"बहात्तर दशांश सहा!" अख्खा वर्ग ओरडला.

मग सुरुची फळ्याशी गेली. केसांत गच्चीची धूळ, गुडघ्यांवर साडी पांढरी. जी त्रिकोणमिती 'कशाला लागते' म्हणून पोरं वर्षभर कुरकुरत होती, तीच आता सगळे वहीत करत होते, कोणी न सांगता. आपला कोन छत्तीस अंश. वेंगुर्ल्याचा बत्तीस दशांश तीन. फरक तीन दशांश सात. तीनशे साठ भागिले तीन दशांश सात, गुणिले चारशे.

उन्नतीने उत्तर वाचलं. "अडतीस हजार नऊशे एकोणीस किलोमीटर."

क्षणभर कोणाला कळेना, आनंद करायचा की नाही. पुस्तकात चाळीस हजार. एक मुलगा पडेल आवाजात म्हणाला, "टीचर, चुकलं."

"चुकलं?" सुरुचीचा तो आवाज, दोन वर्ग पलीकडे जाणारा! "अरे, बांबूच्या काठीने आणि शिवणकामाच्या टेपने तुम्ही अख्खी पृथ्वी मोजलीत, आणि शंभरातले जेमतेम तीन कमी पडले! सावली एक-दोन मिलिमीटर इकडेतिकडे झाली, त्याचे हे हजार किलोमीटर! कुठे चुकलो ते शोधायचंय ना आता?"

"हो!" म्हणून जो आवाज झाला त्याने माझ्या कानात दडे बसले. ती हसत होती आणि डोळे पुसत होती, दोन्ही एकदम. आशालता मॅडम मागच्या बाकावर दोन मुलींच्या मधे बसून स्वतःच्या वहीत तोच भागाकार करत होत्या. त्यांचं उत्तर चुकलं होतं. उन्नतीने सुधारून दिलं.

नववीची माहिती आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहालाच पाठवली. खुलासा मागवला गेला. मॅडमनी चार ओळींत दिला आणि प्रकरण मिटलं.

सुरुचीचं सगळं त्या एका दुपारी बरं झालं, असं मी लिहिलं तर ती मला माफ करणार नाही. वर्गात अजून चौऱ्याहत्तरच मुलं आहेत. पोर्टलही आहे. वसईच्या डॉक्टरीणबाईंकडे ती महिन्यातून एकदा जाते. एखाद्या रविवारी धडधड होते अजून; मग ती संकेतला तसं सांगते आणि दोघं बाहेर चक्कर मारून येतात. पण मॅडमनी दोन गोष्टी कायमच्या केल्या. बुधवारचे शेवटचे दोन तास सुरुचीच्या असल्या प्रयोगांचे, त्यात बदली तास लावायचा नाही. आणि पोर्टलचं काम आता एकेकट्याने नाही. शनिवारी शाळा सुटल्यावर तासभर आम्ही सगळे स्टाफरूममध्ये एकत्र बसून ते संपवतो, इग्नेशियस सर घरच्या केळ्यांचा घड आणतात. खरं सांगतो, तो तास मला आवडायला लागला आहे.

मार्चमध्ये पालघरला शिक्षकांचं प्रशिक्षण होतं. तिथे सुरुचीला बोलायला उभं केलं. साठेक शिक्षक समोर. एकाने विचारलं, "मॅडम, एवढ्या मुलांना तुम्ही प्रेरणा दिली कशी?"

"मुलांना प्रेरणा द्यावी लागली नाही," ती म्हणाली. "माझीच संपली होती. ती मला चार जणांनी दिली. एकाने आपली गोळ्यांची गोष्ट सांगितली, दोघांनी माझी यादी भरली, आणि एका मुख्याध्यापिकेने माझ्यासाठी फोन केला. तुमच्या शाळेत हे चार जण कोण, ते आधी मला सांगा. मग आपण काठीकडे वळू."

सभागृहात चुळबुळ झाली. मग मागच्या रांगेतला एक शिक्षक उभा राहिला आणि स्वतःबद्दल बोलायला लागला. त्याच्यामागून दुसरी. जेवणाची वेळ टळून गेली तरी कोणी उठेना, आणि मी दारापाशी उभा राहून मोजत होतो. सतरा जण बोलले.